फौजेतून निवृत्त होऊन गावात पाणलोटाचं काम: राळेगणसिद्धीतून नेमकं काय घ्यावं, काय सोडावं?

माणदेशी_वाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाव सातारा जिल्ह्यातलं, माणच्या दुष्काळी पट्ट्यातलं. शिवार सुमारे ९०० हेक्टर, पाऊस सरासरी ४८० मिमीच्या आसपास, वस्ती दोन हजारांची. हा मुलूखच फौजींचा. यंदा तीन जवान आणि एक सुभेदार पेन्शनीवर गावी आलेत. चौघांचीही गावासाठी पूर्णवेळ राबायची तयारी आहे आणि चौघांच्याही तोंडी अण्णा हजारे आणि राळेगणसिद्धीचं नाव आहे. पण "राळेगणसारखं करायचं" म्हणजे सोमवारी सकाळी उठून काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. तिथं कामं कोणत्या क्रमानं झाली आणि तो क्रम का महत्त्वाचा? चर, बांध यांची मापं काय, आणि ते फुटतात किंवा कोरडे राहतात ते कशामुळे? आणि माजी सैनिकांनी गावात कोणती भूमिका घ्यावी? "एकजूट हवी" असली उत्तरं नकोत, ती पाठ आहेत.

---

मुरूम_माती

क्रमापासून सुरुवात करतो, कारण तिथंच बहुतेक गावं घसरतात.

अण्णा सैन्यात ट्रकचालक होते. १९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर होते. १९७५ मध्ये निवृत्ती घेऊन पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी आले. त्यांनी पहिलं काम पाण्याचं केलं नाही. पडझड झालेलं यादवबाबांचं मंदिर स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांतून दुरुस्त केलं आणि तिथंच राहायला लागले. याकडे भक्तीचा भाग म्हणून बघू नका. गावाला पहिल्यांदा दिसलं ते हे, की हा माणूस मागायला आलेला नाही, आधी स्वतःचं घालतोय. वर्गणी आणि श्रमदान मागायचा अधिकार त्यातून मिळाला.

पाण्याचं पहिलं मोठं कामही नवं नव्हतं. गावात सरकारी पाझर तलाव (पाणी जमिनीत मुरवायचा तलाव) होता, पण त्याच्या भिंतीतून गळती होती आणि पाणी ठरत नव्हतं. तो श्रमदानातून दुरुस्त झाल्यावर खालच्या अंगाच्या सात विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिलं. नवा बांध काढायचा तर जागा, मंजुरी, निधी यात दोन वर्षं जातात. जुनी रचना दुरुस्त केली तर एका पावसाळ्यात निकाल दिसतो, आणि तो दिसल्याशिवाय चराईबंदीसारखा कडू नियम गाव गिळत नाही. तुमच्या शिवारातही १९७२ च्या दुष्काळातल्या कामांचे पाझर तलाव आणि नालाबांध पडून असतील. पहिली शिवारफेरी त्यांचीच करा. प्रत्येकाच्या चार गोष्टी लिहा: गाळ किती, गळती कुठून, सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) शाबूत आहे का, खाली विहिरी किती.

दुरुस्ती झाली की मग माथा ते पायथा. आधी डोंगरमाथ्यावरचं पाणी अडवायचं, मग ओघळ, मग शेतातल्या ताली (बांध), सगळ्यात शेवटी मोठा नाला. उलटं केलं, म्हणजे खाली सिमेंट बंधारा आधी बांधला आणि वर डोंगर उघडाच ठेवला, तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळानं भरतो. मग पाण्याऐवजी गाळाचा बंधारा शिल्लक राहतो.

आता मापं.

सलग समतल चर डोंगरउतारावर घ्यायचे. रुंदी ६० सेंमी, खोली ३० सेंमी. मुरूम मऊ असेल तर ४५ सेंमीपर्यंत. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, पण चराच्या काठाला चिकटून नाही. मध्ये २०-३० सेंमी मोकळी पट्टी सोडा, नाहीतर पहिल्याच वळवात ती माती परत चरात येते. दोन ओळींत साधारण १० मीटर अंतर धरलं तर हेक्टरी १००० मीटर चर होतो. ६० बाय ३० चा चर मीटरमागे १८० लिटर धरतो, म्हणजे चर एकदा भरले की हेक्टरी १८० घनमीटर. त्या हेक्टरावरचं १८ मिमी वाहतं पाणी जागीच थांबतं. उतार जास्त असेल तिथं ओळी जवळ घ्या.

चर फुटण्याचं मुख्य कारण एकच: तो समतल नसतो. एका टोकाला दहा सेंमी जरी खाली गेला तरी सगळ्या ओळीचं पाणी तिकडे धावतं, तिथून काठ फोडतं आणि खालच्या प्रत्येक ओळीला घेऊन जातं. अंदाजानं रेषा मारू नका. पारदर्शक नळीचा हायड्रोमार्कर वापरा: दोन सारख्या पट्ट्या, मध्ये दहा-बारा मीटर नळी. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी मोजमाप चुकतं. पाणी हळू भरा, नळी झटका, दोन्ही पट्ट्या शेजारी उभ्या करून पातळी जुळते का बघा आणि मगच निघा. दुपारी उन्हात नळी तापली की पुन्हा तपासा. शिवाय दर १५-२० मीटरला चरात न खणलेला आडवा कट्टा ठेवा. रेषा कुठं चुकली असेल तर नुकसान तेवढ्याच तुकड्यापुरतं राहतं.

ओघळींत अनगड (न घडवलेल्या) दगडाचे बांध. उंची एक मीटरच्या वर नेऊ नका. वरच्या अंगाला उतार एकास एक, खालच्या अंगाला एकास दोन किंवा त्याहून सपाट. मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खाली हवा, म्हणजे पाणी मधूनच जाईल. ही एक गोष्ट चुकली की पाणी कडेनं जातं, काठ कापतं आणि बांध मध्येच बेटासारखा उभा राहतो. दोन्ही टोकं काठात अर्धा मीटर तरी घुसवा. मोठे दगड बाहेरून आणि खालच्या अंगाला, बारीक आत. आणि बांधासाठी उतारावर मातीत रुतलेले दगड उपटू नका. तेच माती धरून असतात, ते काढले की बांध भरायला लागणारी माती आपणच सोडतो.

जिथं पाण्याचा जोर सुट्या दगडाला झेपणार नाही तिथं गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत बांधलेला दगड. जाळी जस्ताचा मुलामा असलेलीच घ्या आणि दगड जाळीच्या डोळ्यापेक्षा मोठा हवा. तळात पाणी उकरतं म्हणून खालच्या अंगाला जाळीचीच सपाट गादी पसरा. गॅबियन पाणी साठवत नाही, वेग मोडतो आणि गाळ धरतो. त्यात तळं होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

मातीचा नालाबांध हे काम फक्त श्रमदानाच्या उत्साहावर सोडू नये. पायातला झाडोरा, मुळं, वरची भुसभुशीत माती पूर्ण काढा. मधोमध पायाचा चर घ्या, किमान दीड मीटर रुंद, कठीण मुरूम लागेपर्यंत. त्यात आणि वर गाभ्यात काळी चिकण माती, बाहेरून मुरमाचा भराव. १५-२० सेंमीचा एकेक थर, पाणी मारून धुमस (माती ठोकायचं जड हत्यार) किंवा रोलर. ट्रॅक्टरनं ढीग ओतून वरून सारखं केलेला बांध बाहेरून छान दिसतो आणि पहिल्या भरतीतच आतून नळ्या पडून फुटतो. भराव बसतो म्हणून ठरलेल्या उंचीपेक्षा दहा टक्के जास्त भरा.

पण सगळ्यात जास्त नालाबांध फुटतात ते सांडव्यामुळे, म्हणून इथं हिशेबच देतो. वरचं पाणलोट, म्हणजे ज्या जमिनीचं पाणी या बांधाकडे येतं ती, ४० हेक्टर, पाऊस ताशी ७५ मिमी, वाहून येणारा वाटा ०.४ धरा. तिन्ही गुणून ३६० नं भागा: सेकंदाला साधारण ३.३ घनमीटर. सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीचं पाणी जाऊ द्यायचं तर रुंदी साडेपाच-सहा मीटर लागते. ३० सेंमीच जाऊ द्यायचं तर बारा मीटर. आणि गावोगाव सांडवे दिसतात दोन-तीन मीटरचे! पुराची ही पातळी धरून त्याच्या वर बांधाचा माथा निदान अर्धा मीटर मोकळा राहिला पाहिजे. सांडवा भरावात नको, बाजूच्या मूळ कठीण जमिनीत काढा.

---

सॅपर_खडकी

वरच्या प्रतिसादाला जोड. चौघांत कुणी बॉम्बे सॅपर्सचा (सैन्याच्या अभियंता दलाचा) असेल तर डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) त्याच्या हातची आहे. नसला तरी नकाशा वाचणं सगळ्यांना येतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा मिळवा. त्यावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या फरकानं असतात. तेवढ्यावर चर आखता येत नाहीत, पण माथ्याची रेषा, ओघळींची फाटाफूट आणि प्रत्येक नाल्याचं पाणलोट किती हेक्टर, हे बसल्या जागी निघतं. सांडव्याच्या हिशेबाला हाच आकडा लागतो. तो गावच्या गटनकाशावर उतरवा, म्हणजे कोणतं काम कुणाच्या गटात पडतं ते कळेल आणि आधीच संमती घेता येईल.

माजी सैनिकांनी एकट्यानं नव्हे तर तुकडीनं हे काम केल्याची मोठी उदाहरणं प्रादेशिक सेनेच्या (टेरिटोरियल आर्मीच्या) इको बटालियनांची आहेत. पहिली, १२७ वी, गढवाल रायफल्सशी जोडलेली, १९८२ मध्ये उभी राहिली आणि मसुरीच्या चुनखडीच्या खाणींनी उघड्या पडलेल्या डोंगरांवर झाडं लावायला गेली. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला १३६ वी आहे. या तुकड्या बहुतांशी निवृत्त जवानांच्याच. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट एकच: झाड लावणं हे अर्धं काम, राखण हे दुसरं. त्याच त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं तळ ठोकून राहतात, म्हणून झाडं जगतात. तुमच्या चौघांनीही पूर्ण ९०० हेक्टर अंगावर घेऊ नका. एक ओढा, त्याचं १००-१५० हेक्टरांचं पाणलोट, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पुरं करा, मग दुसरा.

श्रमदानाचा हिशेबही मांडून ठेवा. सकाळचे दोन तास धरले तर मुरमात माणशी सरासरी अर्धा घनमीटर खोदाई होते, जास्त धरू नका. हेक्टरी १८० घनमीटर म्हणजे ३६० माणसांची एक सकाळ. शंभर माणसं रोज आली तरी एका हेक्टरला चार सकाळी. डोंगराचा १५० हेक्टर भाग धरला तर सहाशे सकाळी होतात. म्हणजे सगळं श्रमदानावर होणार नाही, हे पहिल्याच दिवशी गावाला सांगा. श्रमदान ओघळीतल्या दगडी बांधांना, चरांच्या दुरुस्तीला आणि झाडांना ठेवा. चरांची मोठी खोदाई रोजगार हमीतून घ्या. मजुरीही गावातच राहते.

हत्यारांचं: दर दहा माणसांमागे चार टिकाव, तीन फावडी, तीन घमेली असा साधारण मेळ बसतो. दांडे जास्तीचे आणा. पहिल्या आठवड्यात हत्यारं कमी पडली आणि माणसं नुसती उभी राहिली, तर दुसऱ्या आठवड्यात ती येत नाहीत.

---

ग्रामसभा_वही

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. मापं चुकली तर एक बांध फुटतो, पण भूमिका चुकली तर गाव फुटतं.

निवृत्त फौजीकडे गावातल्या इतर कुणाकडे नसलेल्या दोन गोष्टी असतात. एक म्हणजे पेन्शन. शिपायाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर ती मिळते, तेव्हा वय असतं पस्तीस-चाळीस. अंगात ताकद आहे आणि पोटापाण्यासाठी ठेकेदाराकडे किंवा पुढाऱ्याकडे जायची गरज नाही, असा दुसरा माणूस गावात सापडत नाही. दुसरी गोष्ट नोंद ठेवायची सवय. या दोन्ही पुरेपूर वापरा.

पण फौजेत हुकूम चालतो, ग्रामसभेत ठराव चालतो. राळेगणकडे बघताना हे नीट पाहा. दारू पिऊन येणाऱ्याला खांबाला बांधून मारण्याची शिक्षा तिथं दिली गेली, हे अण्णांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे. हा भाग घेऊ नका. मारहाण हा गुन्हा आहे, एका तक्रारीवर चौघं कोर्टाच्या फेऱ्यात अडकतील आणि पाणलोटाचं काम तिथंच थांबेल. त्याहून मोठं कारण असं, की मार खाणारा बहुतेक वेळा गावातला सगळ्यात गरीब माणूस असतो. जो नियम फक्त गरिबावर चालतो तो गाव मनातून मानत नाही.

दारू बंद करायला आता कायदेशीर वाट आहे. परवान्याचं दुकान असेल तर गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिल्यावर मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. लक्षात घ्या, झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त. ठराव पडतात ते इथंच: बाहेरगावी गेलेल्या, मयत झालेल्या बायकांची नावं यादीत तशीच असतात. आधी मतदारयादी दुरुस्त करून घ्या, मग निवेदन द्या. हातभट्टीला हे लागू नाही. तिच्यासाठी ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे, दल ग्रामसभेतून नेमलं जातं.

ग्रामसभेची गणपूर्ती (किमान हजेरी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिच्यात नवा विषय घेता येत नाही. चराईबंदी, बोअरबंदी असे ठराव तहकूब सभेत कधीच करू नका. कायद्यात बसले तरी शिवारात टिकणार नाहीत. ठरावात गटनंबर, मुदत, दंड आणि दंड कुठल्या खात्यात जमा होणार हे चारही लिहा. "गावाने ठरवले" एवढ्यावर काहीही लागू होत नाही.

पदाचं म्हणाल तर चौघांपैकी कुणीही पहिल्या पाच वर्षांत सरपंचकीला उभं राहू नये, हे माझं ठाम मत. उभं राहिलात की अर्धं गाव विरोधी पार्टी. त्यापेक्षा एकानं मोजमापाची वही, एकानं हिशेब, एकानं हत्यारं-साहित्य, एकानं सरकारी कागद सांभाळावा. रोजचा खर्च चावडीच्या फळ्यावर लिहा. संस्था नोंदवायची तर निदान सात सदस्य लागतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, दोन्हींखाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते. कंपनीचा सामाजिक निधी हवा असेल तर प्राप्तिकराच्या नोंदण्या (१२-अ, ८०-जी या नावानं ओळखल्या जाणाऱ्या) आणि सीएसआर-१ ही नोंदणी पुढे लागते. सातही जण फौजी किंवा एकाच भावकीचे ठेवू नका.

नाला सरकारी, डोंगर बहुधा वनखात्याचा. वनजमिनीवर परवानगीशिवाय कुदळही मारू नका. वन विभागाची संयुक्त वन व्यवस्थापन समिती गावात असेल तर तिच्यामार्फत जा. आदर्श गाव योजना १९९२ पासून राज्यात आहे, गाव ग्रामसभेच्या ठरावानं तिच्यात जातं. तिची सप्तसूत्री वाचून मगच ठरवा, कारण तिच्यात बोअरवेलबंदी आणि चराईबंदीही येतात.

---

कुरणराखण

चराईबंदीवर वेगळं लिहायलाच हवं. दोन्ही मोठ्या प्रतिसादांत ती नुसती नावाला आली आहे, आणि चरांतली माती टिकणार की नाही हे तिच्यावरच ठरतं.

खणलेल्या चराच्या भरावावर पहिली दोन वर्षं जनावर चढलं की भराव चरात. म्हणून बंदी हवीच. पण ती लागली की झळ कुणाला बसते? ज्याच्याकडे शेत आहे त्याच्याकडे कडबा आहे. ज्याच्याकडे नुसत्या आठ-दहा शेळ्या किंवा मेंढरं आहेत, त्याचं रान गेलं. ही घरं बहुतेक भूमिहीन किंवा मेंढपाळांची. त्यांना आधी न विचारता बंदी घातली तर ती रात्री मोडली जाते, आणि मोडणाऱ्याला दोष देता येत नाही.

बंदी टप्प्यानं घाला. डोंगराचे तीन भाग करा. एक भाग तीन वर्षं बंद, दोन उघडे. तो सावरला की दुसरा बंद. बंद भागातलं गवत कापून न्यायला मोकळीक ठेवा आणि त्यात पहिला हक्क शेळ्या-मेंढ्या असलेल्या भूमिहीन घरांना द्या. लिलाव केला तर सगळं गवत दुधाच्या गोठेवाल्याकडे जातं. चरांच्या भरावावर पहिल्या पावसाआधी पवना, मारवेल किंवा स्टायलो पेरा. बी हलकं असतं, बारीक मातीत कालवून टाका, नाहीतर वाऱ्यानं एका बाजूला गोळा होतं. पहिल्या वर्षी गवत कापू नका, बी पडू द्या.

झाडं लावताना खड्डा निदान ४५ सेंमी लांब, रुंद आणि खोल. तो उन्हाळ्यात खणून तापू द्या. कडुनिंब, करंज, बोर, बाभूळ, खैर, सीताफळ हीच इथली. सीताफळाला आणि करंजाला शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणून ती कडेला आणि बोर-बाभूळ आत. कुऱ्हाडबंदी करायची तर चुलीचं काय, याचं उत्तर त्याच सभेत द्या. गोबरगॅस असेल, वाळलेल्या फांद्यांची ठरलेली वाटणी असेल, पण काहीतरी हवं. नाहीतर सरपणासाठी बाया शेजारच्या गावाच्या हद्दीत जातात आणि भांडण दोन गावांचं होतं.

या सभेआधी महिलांची सभा स्वतंत्र घ्या. रोजचं पाणी, सरपण, चारा कोण आणतं हे बघितलं तर कारण सांगायला नको.

---

माणदेशी_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. चौघांना धागा छापून दिला आहे. अजून एक शंका. गावात पाणी वाढलं की ऊस येणार आणि बोअर वाढणार, हे शेजारच्या गावांत दिसतंय. ते कसं रोखायचं? आणि यंत्रानं नाला खोल करायचा प्रस्ताव आहे, घ्यावा का?

---

मुरूम_माती

आधी नाल्याचं. गाळ काढा, मुरमापर्यंत जा, पक्का खडक लागला की थांबा. आपला बेसाल्ट थरांचा आहे. पाणी धरतो तो वरचा झिजलेला मुरूम आणि सच्छिद्र मांजऱ्या खडक, खालचा काळा घट्ट खडक फारसं काही धरत नाही. मुरमाचा थरच कापून काढला तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी नाल्यात उतरतं आणि उन्हात उडून जातं. खोल भरलेला नाला जानेवारीत छान दिसतो, पण ते पाणी विहिरींचंच असतं. काठ उभे कापू नका, एकास एक उतार तरी ठेवा. निघालेला गाळ काठावर ढीग करून ठेवू नका, पावसात तो परत आत येतो. हलक्या, मुरमाड रानांत तो लगेच पसरवून टाका.

आता ऊस. हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडा, भाषण नको. १ मिमी पाऊस १ हेक्टरावर म्हणजे १० घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर. ९०० हेक्टर आणि ४८० मिमी धरले तर शिवारात वर्षाला ४३ लाख २० हजार घनमीटर पाणी पडतं. यातलं बरंचसं मातीच्या ओलाव्यात राहतं आणि उडून जातं, ते मोजणीत धरू नका. दोन हजार माणसांना रोज ५५ लिटर धरलं तर वर्षाचं पिण्या-वापरायचं पाणी चाळीस हजार घनमीटर. एक एकर उसाला वर्षाकाठी २००० मिमी पाणी धरलं तर आठ हजार घनमीटर लागतं. म्हणजे पाच एकर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पाणी सारखंच! ठिबकनं आकडा कमी होतो, पण इतका नाही की ज्वारी, हुलगा, कांद्याच्या बरोबरीला येईल.

नियम बसवायला आधार पुरंदर तालुक्यातल्या नायगावचा घ्या. विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली, राळेगणचं काम सुरू होताना अण्णांनीही ते पाहिलं होतं. तत्त्वं अशी: पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणशी मिळणार. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. उसासारखं पीक नाही. लाभधारकांनी स्वतःचा हिस्सा भरायचा. यातलं भूमिहीनाच्या वाट्याचं कलम सोडू नका. ते असलं तरच चर खणायला आलेल्या मजुराला त्या चरात स्वतःचं काही दिसतं.

एक गोष्ट इथं मोकळेपणानं सांगायला हवी. राळेगणच्या आजच्या बागायतीत कुकडीच्या कालव्यावरून उचललेल्या पाण्याचाही वाटा आहे. फक्त पाणलोटावर तेवढी हिरवळ येईल असं गावाला सांगू नका. तुमच्या पावसात पिण्याचं पाणी बारा महिने, खरीप खात्रीचा आणि निम्म्या-पाऊण शिवाराला रब्बीची एक-दोन पाणी, इतकं झालं तर काम उत्तम झालं असं माझं मत.

---

ग्रामसभा_वही

बोअरवर दोन कायदेशीर आधार आहेत. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ नुसार ६० मीटरपेक्षा खोल विहीर किंवा बोअर परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आहे. अधिसूचित स्रोत कोणता, हे आधी कागदावर आणून घ्या, नाहीतर ५०० मीटर कुठून मोजायचे यावरच वाद अडतो. हिवरे बाजारनं सिंचनासाठी बोअर नको हे ग्रामसभेतून पाळून दाखवलं आहे. तिथला सरपंच फौजी नव्हता, म्हणजे हे जमायला वर्दी लागत नाही.

हे सगळं मोजणीशिवाय चालत नाही. शिवारात वेगवेगळ्या उंचीवरच्या आठ-दहा विहिरी निवडा, कठड्यावर रंगानं खूण करा आणि ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशी वर्षातून चारदा खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही याच महिन्यांत मोजते, त्यामुळे आकडे जुळवता येतात. मोजणी सकाळी, पंप सुरू होण्याआधी. पर्जन्यमापक शाळेत ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा. ऑक्टोबरची मोजणी झाली की आठ दिवसांत ग्रामसभा घ्या आणि रब्बीला किती क्षेत्र, कोणती पिकं, हे त्याच आकड्यांवर ठरवा. सभा डिसेंबरात गेली तर पेरण्या होऊन गेलेल्या असतात, मग ठरावाला अर्थ राहत नाही.

---

सॅपर_खडकी

शेवटी देखभाल. दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात प्रत्येक बांध, सांडवा आणि चर चालत जाऊन बघायचा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर चोवीस तासांत पुन्हा. त्या दुसऱ्या फेरीला हातात फावडं असू द्या. बोटभर घळ तेव्हा दहा मिनिटांत बुजते, तीच ऑगस्टपर्यंत ठेवली तर जेसीबी लागतो. उंदीर-खेकड्यांची बिळं भरावात दिसली तर नुसतं तोंड बंद करू नका, पूर्ण बीळ उकरून चिकण माती थराथरानं ठोकून भरा. बांधावर उगवलेली बाभूळ लहानपणीच काढा, मूळ कुजलं की तिथून पाझर सुरू होतो.

आणि या फेरीत चौघांसोबत दरवेळी गावातली दोन तरुण पोरं आणि दोन बाया असाव्यात, वही त्यांच्या हातात.